दुसरं कुत्रं दिसलं की उसळणाऱ्या कुत्र्यासाठी सांगलीत ट्रेनर शोधताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेल्या तीनेक वर्षांत हे प्रश्न इतक्या वेळा आलेत की एकदाच नीट लिहून ठेवलेलं बरं. बहुतेक प्रश्न विश्रामबाग, कुपवाड आणि मिरजेतून आलेत, काही तासगाव-विट्याकडून. मी ट्रेनर नाही, डॉक्टरही नाही. माझ्याकडे गुंडी नावाची पाच वर्षांची कुत्री आहे. एकेकाळी शंभर फुटी रोडच्या पलीकडे कुत्रं दिसलं तरी ती मला फरफटत न्यायची. तिला शिकवणारा माणूस शोधताना जो पैसा आणि वेळ गेला, त्यातून ही उत्तरं आलीत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा आकडा दिलाय.

१. आमचा कुत्रा दुसरं कुत्रं दिसलं की वेड्यासारखा भुंकतो, पट्टा ओढतो. तो चावरा आहे का?

नुसत्या भुंकण्यावरून ते ठरत नाही. अशा कुत्र्याला ट्रेनर लोक 'रिॲक्टिव्ह' म्हणतात. म्हणजे समोर जेवढं घडतंय त्याच्या कितीतरी पट उसळणारा. बहुतेक वेळा त्या भुंकण्याचा अर्थ 'लांब हो' एवढाच असतो. गंमत अशी की तो भुंकतो आणि समोरचं कुत्रं निघून जातं. ते तसंही जाणारच होतं, पण आपल्या कुत्र्याच्या लेखी उपाय लागू पडला. म्हणून सवय दिवसेंदिवस घट्ट होते.

भुंकण्याच्या आधीचे दोन-तीन सेकंद बघायला शिका. धापा टाकणारं तोंड एकदम मिटतं, कान पुढे येतात, अंग ताठ होतं, नजर खिळते. शिकवायचं ते सगळं या क्षणाच्या आधी. एकदा भुंकायला लागल्यावर हाका मारून उपयोग नसतो, तेव्हा त्याला खरंच ऐकू येत नसल्यासारखं असतं. तो आधी कुणाला चावलेला असेल तर मात्र प्रश्न १४ आधी वाचा.

२. घरात इतका गुणी, पाहुण्यांशी गोड. मग बाहेरच असं का?

कारणं दोन टोकांची असतात आणि बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. एक भीती. दुसरं म्हणजे खेळायला जायचंय पण पट्टा सोडत नाही, त्याचा संताप. पहिल्या प्रकारचं कुत्रं मोकळं सोडलं तर मागे सरतं, दुसऱ्या प्रकारचं धावत जाऊन अंगावर उड्या मारतं. हे तपासायला कृपा करून मोकळं सोडून बघू नका. चांगला ट्रेनर ते लांबूनच ओळखतो.

हे मुळात येतं कुठून? पहिलं कारण लहानपण. पिल्लू साधारण तीन ते चौदा आठवड्यांचं असतं तेव्हा जग ओळखीचं करून घेतं. नेमक्या त्याच काळात आपण लसी पूर्ण व्हायच्या म्हणून त्याला घरात ठेवतो. २०२० आणि २०२१ मध्ये आणलेल्या पिल्लांनी तर लॉकडाउनमध्ये दुसरं कुत्रंच पाहिलं नव्हतं. दुसरं कारण साखळी. फाटकापाशी दिवसभर बांधलेलं कुत्रं येणाऱ्या-जाणाऱ्यावर भुंकायचाच सराव करत असतं. कायमच्या बांधलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवून न आणणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हाही आहे, हे फार कमी लोकांना माहीत असतं. आणि तिसरं कारण म्हणजे एखादा जुना प्रसंग. गुंडी चार महिन्यांची असताना मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यांच्या थप्पीमागे तीन कुत्र्यांनी तिला कोंडलं होतं. ती तिथून बाहेर आली ती वेगळीच होऊन.

३. आधी डॉक्टर की आधी ट्रेनर?

आधी डॉक्टर. विशेषतः कालपर्यंत बरं असलेलं कुत्रं अचानक असं वागायला लागलं असेल तर. कानातला संसर्ग, दाताचं दुखणं, खुब्याचा त्रास यांनी कुत्रं दुसऱ्याला जवळ येऊ देत नाही. लॅब्रॅडोर (लॅब) आणि जर्मन शेफर्डमध्ये खुब्याचा त्रास बराच दिसतो. आपल्याकडे गोचीड-ताप फार, आणि त्यात सांधे दुखतात. डॉक्टरांना 'भुंकतो' एवढंच सांगू नका. जिना चढताना थांबतो का, कमरेला हात लावला की वळून बघतो का, तेही सांगा. दवाखान्यात कुत्रं ताठ उभं राहतं आणि लंगडणं लपतं. म्हणून घरी चालतानाचा मोबाइलवरचा व्हिडिओ घेऊन जा.

स्थानिक डॉक्टरांनी मोठ्या तपासण्या सुचवल्या तर पेठ नाक्यावरून हायवेला लागून पुण्याच्या अलीकडे शिरवळला सरकारी पशुवैद्यक महाविद्यालय आहे. त्याला नाव आपल्याच वाळवा तालुक्यातल्या क्रांतिसिंह नाना पाटलांचं. जाण्याआधी फोन करून वेळ विचारा.

४. सांगलीत कुत्र्यांचा ग्रुप क्लास असतो का? त्यात घातलं तर इतर कुत्र्यांची सवय होईल ना?

ही समजूत सगळ्यात महागात पडते. पाण्याला भिणाऱ्या मुलाला पूर आलेल्या कृष्णेत ढकलून पोहायला येत नाही. मैदानावर आठ-दहा कुत्री गोल करून बसवतात तो क्लास 'बस, उठ, थांब' शिकवायला ठीक असतो, पण आपल्या कुत्र्याला तिथे एका तासात पन्नास वेळा उसळायचा सराव मिळतो. मालकाला बरोबरीच्या लोकांसमोर शरम वाटते, मग तो पट्टा आवळून धरतो, आणि आवळलेल्या पट्ट्याने कुत्रं आणखी ताठतं.

रिॲक्टिव्ह कुत्र्यांसाठीचा खरा ग्रुप वेगळा असतो. तीन किंवा चार कुत्री, मोकळं मैदान, मध्ये गाड्या किंवा पडदे आडोशाला, आणि एकेकाची आत येण्याची वेळ वेगळी. असा वर्ग आपल्या आकाराच्या गावात सहसा मिळत नाही, मोठ्या शहरांत मिळतो. त्यामुळे इथे आपण शोधायचा तो क्लास नाही, माणूस. घरी येऊन एकाच कुत्र्याला शिकवणारा आणि पुढे गरज पडेल तेव्हा स्वतःचं एखादं शांत कुत्रं लांब उभं करू शकणारा.

५. मग असा माणूस शोधायचा कुठे?

गूगलवर 'डॉग ट्रेनर सांगली' टाकून जे येतं त्यात बोर्डिंगवाले (कुत्री सांभाळायला ठेवून घेणारे), पिल्लं विकणारे आणि ट्रेनर असे सगळे एकाच टोपलीत असतात. मी तिथून सुरुवात केली आणि पस्तावलो. त्यापेक्षा तुमच्या डॉक्टरांच्या कंपाउंडरला विचारा. टेबलावर कुठली कुत्री शांत उभी राहतात आणि त्यांना कुणी शिकवलंय हे त्याला डॉक्टरांपेक्षा जास्त माहीत असतं. भटक्या कुत्र्यांना खायला घालणारी, दत्तक देणारी मंडळी दर गावात असतात. भेदरलेली कुत्री त्यांच्याकडे रोज येतात, म्हणून त्यांना मऊ हाताची माणसं ठाऊक असतात.

पोलीस किंवा लष्कराच्या श्वान पथकातून निवृत्त झालेले लोकही घरी येऊन शिकवतात. त्यांच्यातले काही अतिशय उत्तम आहेत. फक्त लक्षात ठेवा, हुकूम पाळणारं निवडक कुत्रं तयार करणं आणि घाबरलेल्या घरगुती कुत्र्याची भीती घालवणं ही दोन वेगळी कामं. दुसरं काम किती केलंय ते विचारा.

कोल्हापूर पन्नासेक किलोमीटरवर, पुणे सव्वादोनशेच्या पुढे. पुण्याच्या ट्रेनरकडे महिन्यातून एक फेरी आणि मधल्या काळात व्हिडिओ कॉल ही पद्धत आमच्याकडे चालली. ऑनलाइन म्हटलं की लोक नाकं मुरडतात, पण या बाबतीत शिकायचं असतं ते आपल्याला. मुख्य म्हणजे व्हिडिओ कॉलवर अनोळखी माणूस कुत्र्यासमोर उभा नसतो, त्यामुळे कुत्रं नेहमीसारखं वागतं.

६. ट्रेनरला फोनवर काय विचारायचं? आपल्याला त्यातलं काय कळतंय?

कळतं. भारतात ट्रेनर व्हायला कुठलाही परवाना लागत नाही, उद्या मीही पाटी लावू शकतो. म्हणून प्रमाणपत्रापेक्षा उत्तरं ऐका. मी आता पहिला प्रश्न एकच विचारतो: "पहिल्या दिवशी दुसरं कुत्रं किती अंतरावर ठेवणार?"

जो म्हणतो "ते बघून ठरवू, पण तुमचं कुत्रं शांतपणे खाऊ शकेल एवढं लांब," त्याच्याशी पुढे बोला. जो म्हणतो "पहिल्या दिवशी कशाला, आधी घरीच बसून माहिती घेतो," त्याच्याशी तर नक्कीच बोला. जो म्हणतो "समोरासमोर आणू, मी आहे ना!" त्याला नमस्कार करा.

दुसरा प्रश्न: कुत्रं चुकलं तर तुम्ही काय करता? इथे गोल गोल उत्तर आलं तर खोदून विचारा. 'करेक्शन' हा शब्द आला की त्याचा अर्थ विचारा. तो पट्ट्याला झटका असू शकतो, लाथही असू शकते. तिसरा: मी पूर्ण वेळ समोर असेन ना? याला 'नाही' म्हणणाऱ्याला घरात घेऊ नका. चौथा: तुमचं शिकवणं चालू असतानाचा व्हिडिओ दाखवाल का, शेवटचा नव्हे, मधला? शेवटच्या व्हिडिओत सगळीच कुत्री रामासारखी बसलेली असतात. मधल्या व्हिडिओत शेपटी कुठे आहे ते बघा. पायात घातलेली शेपटी, मागे चिकटलेले कान, सारखं ओठ चाटणं दिसलं तर ते कुत्रं शिकत नाही, सहन करतंय.

तुमची माहिती न विचारता थेट पॅकेज सांगणारा माणूसही सोडून द्या. आमच्या आत्ताच्या ट्रेनर ताईंनी पहिल्या फोनवर चाळीस मिनिटं फक्त प्रश्न विचारले. गुंडी झोपते कुठे इथपासून.

७. "पंधरा दिवस आमच्याकडे ठेवा, गॅरंटी" असं सांगतात. ठेवावं का?

मी ठेवली होती. गाव आणि नाव सांगत नाही. बावीस दिवसांनी परत आणली तेव्हा गुंडी खरोखर भुंकत नव्हती. शेजाऱ्यांनी पेढे मागितले. पण ती काहीच करत नव्हती: खेळत नव्हती, दाराची बेल वाजली तरी उठत नव्हती. मानेभोवती केस गेलेला बोटभर पट्टा दिसत होता. पाच आठवड्यांनी पहिल्यापेक्षा जोरात भुंकायला लागली, आणि आता आधी गुरगुरायचीही नाही. गुरगुरणं म्हणजे धोक्याची घंटा. ती मार देऊन बंद केली की कुत्रं न सांगता चावायला शिकतं.

वागणुकीची गॅरंटी कुठलाही जाणता माणूस देत नाही. शिवाय शिकणं जागेशी बांधलेलं असतं. कुणाच्या फार्मवर शांत राहणारं कुत्रं तुमच्या गल्लीत शांत राहीलच असं नाही, कारण गल्लीतल्या प्रत्येक फाटकाशी त्याची जुनी भांडणं आहेत.

८. चोक चेन (ओढली की गळ्याला आवळणारी साखळी), काट्यांचा पट्टा, शॉकचा पट्टा: थोडा वापर चालतो का?

या कुत्र्यांना नाही. विचार साधा आहे. दुसरं कुत्रं दिसलं आणि त्याच क्षणी मानेला कळ आली, असं दहा वेळा झालं की कुत्र्याच्या डोक्यात काय जुळतं? दुसरं कुत्रं म्हणजे कळ. आपल्याला नेमकं उलटं जुळवायचंय. अमेरिकेतल्या पशुवैद्यकीय वर्तनतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये सरळ भूमिका घेतली की कुत्र्यांना बक्षिसावर आधारित पद्धतीनेच शिकवावं. वेल्समध्ये शॉकच्या पट्ट्यावर २०१० पासून बंदी आहे.

काय घ्यावं: छातीवर इंग्रजी वाय अक्षरासारखा बसणारा हार्नेस, सहा फुटांची साधी पट्टी (लीश), आणि मोकळ्या मैदानासाठी पंधरा फुटांची दोरी. बटण दाबून लांब होणारी लीश रस्त्यावर नको. ऐन वेळी तिचं लॉक सापडत नाही.

९. "त्याला बाप कोण ते कळलं पाहिजे" असं सगळेच म्हणतात. ते चूक आहे का?

ही कल्पना लांडग्यांवरून आली. १९४७ मध्ये रुडॉल्फ शेंकेल यांनी प्राणिसंग्रहालयात एकत्र कोंडलेल्या लांडग्यांमधली भांडणं नोंदवली आणि त्यातून कळपाचा दादा म्हणजे 'अल्फा' ही गोष्ट पसरली. पुढे ज्यांच्या लेखनामुळे ती सर्वात जास्त पसरली त्या लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनीच १९९९ मध्ये लिहिलं की जंगलातला कळप म्हणजे आई, बाप आणि त्यांची पोरं, तिथे दादागिरीचा प्रश्नच नसतो. तुमचं कुत्रं पलीकडच्या कुत्र्यावर भुंकतं तेव्हा ते तुमची जागा बळकवायला निघालेलं नसतं. त्याला उताणं पाडून दाबून धरणं तर अजिबात करू नका. त्यात तोंडाला चावा बसू शकतो.

१०. फी किती पडते?

आकड्यापेक्षा फी कशाची आहे ते बघा. दर भेटीची फी चांगली. महिन्याचं पॅकेज आगाऊ देऊ नका. दोन भेटी झाल्यावर पुढचं ठरवू म्हणा. येण्याजाण्याचा खर्च वेगळा आहे का, मधल्या दिवसांत व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवून विचारता येतं का, हे आधीच बोलून घ्या. रोज येणारा ट्रेनर लागत नाही. आठवड्यातून एकदा तो, उरलेले सहा दिवस तुम्ही.

११. शिकवतात म्हणजे नेमकं करतात काय?

आमचा एक सकाळचा प्रसंग सांगतो. धामणी रोडच्या पुढची मोकळी प्लॉटं, सव्वासहा, थंडी. ताईंचा म्हातारा लॅब्रॅडोर 'भाऊ' एका विजेच्या खांबाशी बसलेला, आम्ही ऐंशी-नव्वद पावलांवर. माझ्या कमरेच्या पिशवीत उकडलेल्या चिकनचे हरभऱ्याएवढे तुकडे. गुंडीने भाऊला पाहिलं. एक, दोन... तिचा कान हलला आणि मी तुकडा दिला. तिने परत पाहिलं, परत तुकडा. भाऊ गाडीमागे गेला की खाऊ बंद, माझं बोलणंही बंद. भाऊ दिसला की चिकन सुरू. तीन-चार मिनिटं, मग घरी. मला वाटलं एवढंच? यासाठी पहाटे उठलो?

पाचव्या-सहाव्या वेळी गुंडीने भाऊकडे पाहिलं आणि स्वतःहून मान वळवून माझ्याकडे पाहिलं, 'आण की' अशा नजरेने. त्या दिवशी ताई म्हणाल्या, आता दहा पावलं पुढे.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी कुत्रं दिसलं पाहिजे, मग खाऊ. खाऊ आधी दाखवून लक्ष वळवलं तर काही दिवसांनी पिशवीत हात गेला की आपलं कुत्रं दुसरं कुत्रं कुठे आहे ते शोधायला लागतं. आणि कुत्रं खाऊ घेईनासं झालं तर ते हट्टी झालेलं नसतं, तुम्ही फार जवळ आलात. मागे व्हा.

याशिवाय एक पळवाट शिकवतात: 'चल!' म्हटलं की हसतखेळत गर्रकन मागे वळायचं. घरात, गच्चीवर शंभर वेळा सराव करून मगच रस्त्यावर.

१२. आपल्याकडे मोकाट कुत्री अंगावर येतात. तिथे कसलं अंतर?

हा प्रश्न परदेशी व्हिडिओंत नसतो आणि आपल्याकडे पहिला असतो. गल्लीतली कुत्री नकाशा पाळतात. कुठल्या टपरीपासून कुठल्या डीपीपर्यंत कुणाची हद्द ते दोन दिवस कुत्रं घरी ठेवून, एकट्याने फिरून बघा. खायला घालण्याच्या वेळा टिपा, त्या वेळेला तिकडे जाऊ नका. सरावासाठी कुत्र्याला गाडीतून मोकळ्या जागी न्या. सांगलीवाडीच्या बाजूचे मळ्यांतले रस्ते सकाळी बरे असतात, पण शेतमालकाला विचारून.

अंगावर आलीच तर पळू नका. आपलं कुत्रं मागे घ्या, मूठभर खाऊ समोरच्यांच्या पुढ्यात जमिनीवर फेका आणि ती हुंगेपर्यंत तिरपे निघून जा. मी छत्री नेतो, बाराही महिने. झटकन उघडली की मध्ये भिंत उभी राहते. मारायला काठी नको, त्याने पुढच्या वेळी ती आधीच चिडलेली असतात.

"महापालिकेने उचलून न्यावीत" हा मार्ग वाटतो तेवढा सरळ नाही. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार नसबंदी आणि रेबीजची लस करून कुत्री साधारणपणे त्यांच्या मूळ जागी परत सोडायची असतात. कानाला खाच दिसली तर नसबंदी झालेली समजा. खाच नसलेली जास्त दिसत असतील तर तक्रार त्याची करा.

१३. खाऊ काय द्यायचा? आम्ही शाकाहारी आहोत.

पनीरचे बारीक तुकडे, उकडलेलं रताळं, साधे भाजलेले फुटाणे थोडे. मांसाहारी घरात उकडलेलं चिकन किंवा कलेजी, मीठ-मसाला न घालता. रोजचं बिस्कीट घरी ठीक, पण समोर कुत्रं असताना त्याची किंमत शून्य. त्या प्रसंगी जे मिळतं ते एरवी कधीच मिळता कामा नये.

एक गोष्ट तासगाव-सांगलीवाल्यांना ओरडून सांगावीशी वाटते: बेदाणे नकोत, द्राक्षंही नकोत. आपल्याकडे डबा उघडाच असतो आणि मूठभर बेदाणे कुत्र्यापुढे टाकणं हा लाड समजतात. त्याने काही कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होतात, आणि किती खाल्ल्यावर हे आधी सांगता येत नाही. खाल्ल्याचं कळलं की उलटी व्हायची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा. भडंगही नको, त्यात लसूण असतो.

१४. आमच्या कुत्र्याने सोसायटीतल्या एका कुत्र्याला चावा घेतला. आता ट्रेनर घेईल का?

घेईल, पण लपवू नका. पहिल्याच फोनवर सांगा: दात नुसते लागले, भोक पडलं की फाटलं, आणि स्वतःहून सोडलं की सोडवावं लागलं. त्यावर धोका किती ते ठरतं. इथून पुढे बाहेर पडताना मझल, म्हणजे चावता येऊ नये म्हणून तोंडावर चढवायचं आवरण. कापडी तोंड बांधणारं नको, जाळीचं घ्या, ज्यात तोंड उघडून धापा टाकता येतात, पाणी पिता येतं. उन्हात कुत्रं धापा टाकूनच अंग थंड करतं, कापडी मझलमध्ये ते जिवावर बेतू शकतं. जाळीच्या आत पनीर लावून दहा-बारा दिवसांत सवय करा, एकदम चढवू नका.

भांडण सोडवताना माणसाला दात लागला असेल तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. "आपलंच कुत्रं आहे, लस झालीय" म्हणून थांबू नका. आपल्या जनावरापासून माणसाला इजा होईल हे दिसत असून काळजी न घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सोसायटी सरसकट कुत्रं पाळायला बंदी घालू शकत नाही, हेही खरं. पण मी वादात पडण्यापेक्षा शेजाऱ्यांना लिफ्टची वेळ वाटून घ्यायला सुचवली आणि ते चाललं.

१५. नसबंदी केली की शांत होईल ना?

माजावरच्या कुत्रीमागे धावणं आणि नर-नरांची भांडणं काही प्रमाणात कमी होतात. भीतीतून भुंकणारं कुत्रं त्याने बदलत नाही, काही वेळा जास्तच बिचकतं. नसबंदीची इतर कारणं आहेतच. या एका कारणासाठी करत असाल तर डॉक्टरांशी बोलून ठरवा.

१६. आमच्याकडे कारवानी आहे. ट्रेनर म्हणतो ही जात शिकत नाही.

ट्रेनर बदला. जत-आटपाडीकडची कारवानी, केसाळ असेल तर पश्मी, आणि पलीकडे बागलकोट जिल्ह्यातलं मुधोळ, ही नजरेने शिकार करणारी कुत्री. मुधोळ तर भारतीय लष्कराने प्रशिक्षणासाठी घेतलीत. ती लॅबसारखी पोटासाठी दहादा बसत-उठत नाहीत, कंटाळतात. पाच मिनिटं पुरे. त्यांना दुसरं कुत्रं फार लांबून दिसतं, म्हणून सुरुवातीचं अंतरही जास्त लागतं, आणि हललेल्या गोष्टीवर ती सुटतात. बारीक डोक्यामुळे साधा पट्टा मानेवरून निसटतो. रुंद पट्टा आणि हार्नेस दोन्ही वापरा.

१७. डॉक्टरांनी मानसिक औषध सुचवलंय. कुत्रं गुंगीत राहील का?

नीट दिलेलं औषध गुंगी आणायला नसतं. सतत भेदरलेल्या कुत्र्याचं डोकं शिकण्याइतकं शांत व्हावं म्हणून असतं. फ्लुओक्सेटिनसारख्या गोळीचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, तेव्हा आठ दिवसांत "काही फरक नाही" म्हणून सोडू नका आणि मनाने थांबवू नका. घरातल्या माणसांची गोळी मोडून तर कधीच देऊ नका. गोळी चालू असताना सराव (प्रश्न ११) चालूच ठेवायचा, एकट्या गोळीने काम होत नाही.

१८. किती दिवसांत फरक पडतो?

पहिला फरक तीन-चार आठवड्यांत: भुंकून झाल्यावर शांत व्हायचा वेळ कमी होतो. गुंडीला रस्त्याच्या पलीकडून कुत्रं जाऊ द्यायला नऊ महिने लागले. हुंगाहुंगी करून मैत्री करणारी ती अजून झालेली नाही आणि होणारही नाही. मला ते चालतं.

गणपतीचे दिवस आणि दिवाळी धरून चाला. डॉल्बी, फटाके, अपुरी झोप हे एकावर एक साचतं, आणि एरवी सहन होणारं समोरचं कुत्रं त्या आठवड्यात सहन होत नाही. तेव्हा सराव बंद, फिरणं पहाटे, घरात हुंगायचे खेळ. आठवडा गेला तर शिकलेलं पुसलं जात नाही.

१९. घरातलीच दोन कुत्री एकमेकांवर जातात. तेच उपाय का?

नाही, तो वेगळा विषय आहे. तोवर जेवण वेगळ्या खोल्यांत, मध्ये दार, आणि प्रश्न ३. ट्रेनरला फोन करताना 'घरातली दोन' असं आधी सांगा.

२०. पूर आला तर अशा कुत्र्याला कुठे न्यायचं?

गावभागातल्या आणि सांगलीवाडीच्या लोकांनी हे पावसाळ्याआधी ठरवावं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे, २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. अशा वेळी माणसं, जनावरं, कुत्री एकाच उंचवट्यावर येतात आणि तिथे कुणाला अंतर ठेवता येत नाही. मझलची सवय (प्रश्न १४) आणि पिंजऱ्यात शांत बसायची सवय एप्रिल-मेमध्ये लावा. उंचावरच्या एखाद्या नातेवाइकाशी बोलून ठेवा. पाणी ४० फुटांवर असतानाच कुत्रं हलवा.

२१. कुत्र्याला रोज सासरे फिरवतात. त्यांना हे खाऊ-बिऊ पटत नाही. काय करू?

हा प्रश्न सगळ्यात जास्त सुनांनी विचारलाय. घरातला एक माणूस झटके देत असेल आणि दुसरा पनीर, तर कुत्र्याला दोघांचंही काही कळत नाही. ट्रेनरची पहिली भेट सासरे घरी असतील तेव्हाच ठेवा आणि ट्रेनरला त्यांच्याशीच बोलू द्या. आमच्याकडे माझे वडील, अण्णा, होते. "आमच्या वाड्यावरची कुत्री कधी पनीर खात नव्हती," हे आम्ही महिनाभर ऐकलं. ताईंनी त्यांच्याशी वाद घातला नाही. त्यांना एक काम दिलं: रोज किती पावलांवर गुंडी भुंकली ते वहीत लिहायचं. ते हिशेबनीस होते, वही हा त्यांचा प्रांत. तिसऱ्या आठवड्यात आकडा साठवरून पंचेचाळीसवर आला तेव्हा अण्णांनी संध्याकाळी स्वतःहून विचारलं, "पनीर संपलंय का गं घरातलं?"